‘लिंक नाय, उद्या येवा’: बँकेच्या काउंटरमागच्या रस्त्याचा इतिहास



सिंधुदुर्गात राहणाऱ्या, किंवा गणपतीला आणि मे महिन्यात गावी जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. बँकेत, नाहीतर पोस्टात. काउंटरच्या आतला माणूस मान वर न करता म्हणतो, “लिंक नाय. उद्या येवा.”

‘उद्या येवा’ म्हणजे नेमकं काय, ते आचऱ्याहून किंवा मसुऱ्याहून एसटीने मालवणला पेन्शन काढायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. जाण्यायेण्याचं भाडं, अर्धा दिवस, आणि औषधाच्या दुकानातली थकलेली उधारी आणखी एक दिवस पुढे. आणि त्याच रांगेत मागे उभ्या असलेल्या पोराच्या फोनवर रील्स मस्त चालू असतात. त्याला वाटतं, नेट तर आहे, हे बँकवाले थापा मारतायत.

थापा नसतात त्या. पोराच्या फोनमधलं नेट आणि बँकेची लिंक या दोन वेगळ्या वाटा आहेत. बँकेच्या वाटेला टेलिकॉमच्या भाषेत व्हीपीएन म्हणतात. आजच्या भागात या वाटेचा इतिहास.

थांबा, व्हीपीएन म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्या लोकांना ॲप आठवलं असणार. ते हे नाही. ॲपवालं व्हीपीएन म्हणजे तुम्ही इंटरनेटवर कुठून आलात ते लपवण्याची सोय. टेलिकॉम कंपन्या बँकांना, पोस्टाला, पेट्रोल कंपन्यांना जे व्हीपीएन विकतात ते म्हणजे त्यांच्या सगळ्या शाखांना एकमेकींशी जोडणारं, बाहेरच्या कुणाला न दिसणारं बंदिस्त जाळं. सरकारलाही हा फरक माहीत आहे. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर उचलले, बातम्या झाल्या, मीम्स झाले. पण त्याच नियमाच्या खुलाशात लिहिलं होतं की कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही. ती दुसरी गोष्ट कुणी फारशी वाचली नाही. आपण आज तिच्याबद्दलच बोलतोय.

तारेतला गुप्त आकडा

कोकणाला मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हणायचे. बाप्ये लालबाग-परळच्या गिरण्यांत, बायका-पोरं आणि म्हातारे गावात, आणि मधे पोस्टमन. भारतात पोस्टाची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि जुन्या रूपात ती २०१५ पर्यंत टिकली. म्हणजे मालवण किनाऱ्यावरच्या चार-पाच पिढ्यांचं घर एका फॉर्मवर चाललं. त्या फॉर्मच्या तळाशी दोन ओळी लिहायला जागा असायची, ‘सर्व खुशाल’ वगैरे. पैसे आणि मेसेज एकत्र.

पण मनीऑर्डरला दिवस लागायचे. घाई असेल आणि रक्कम मोठी असेल तर बँकेची ‘टीटी’ असायची, टेलिग्राफिक ट्रान्सफर. मुंबईतली शाखा गावाकडच्या शाखेला तार करायची: अमुक माणसाला अमुक रुपये द्या. आता विचार करा. तार जाते सरकारी तार ऑफिसातून. ती टाइप करणारा वाचतो, पलीकडे उतरवून घेणारा वाचतो, वाटणारा वाचतो. उद्या कुणीही बँकेच्या नावाने तार ठोकली, ‘द्या पाच हजार’, तर?

म्हणून बँका तारेत एक आकडा घालायच्या. रक्कम, तारीख, शाखा यांवरून तो आकडा काढण्याची एक गुप्त पुस्तिका असायची आणि ती तिजोरीत ठेवलेली असायची. पलीकडचा अधिकारी आपल्या पुस्तिकेवरून तोच हिशोब करायचा. आकडा जुळला तर पैसे, नाहीतर पुन्हा चौकशी. तारेची वाट सगळ्यांची, पण तारेवरचा विश्वास फक्त त्या दोन शाखांचा. माझ्या मते आपल्याकडच्या व्हीपीएनची खरी सुरुवात या पुस्तिकेत आहे. कुठल्याही राउटरच्या कितीतरी आधी. (शेवटची सरकारी तार १४ जुलै २०१३ ला स्वीकारली गेली. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असाल.)

मग बँकांनी स्वतःचीच तार का नाही टाकली? कायदा. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या चौथ्या कलमाने तार टाकण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त सरकारकडे ठेवला होता. तो कायदा आपण २०२३ चा नवा दूरसंचार कायदा येईपर्यंत वापरला. खासगी माणसाला वाट हवी असेल तर दोनच पर्याय होते. सगळ्यांच्या रांगेत उभं राहा, ऑर्डिनरी ट्रंक कॉल लावा, नाहीतर आठपट पैसे देऊन लायटनिंग कॉल. किंवा सरकारकडून अख्खी तार भाड्याने घ्या. हे दुसरं म्हणजे लीज्ड लाइन.

भाड्याची वाट आणि तिचं गणित

लीज्ड लाइन म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची जोडणी चोवीस तास फक्त तुमची. वर्तमानपत्रांची टेलिप्रिंटरची लाइन अशीच असायची. तुम्ही वापरा किंवा वापरू नका, भाडं चालू. आणि भाडं अंतरावर. मालवण ते मुंबई म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपास, तर तेवढ्या लांबीचं भाडं.

आता एका बँकेच्या ५० शाखा धरा. प्रत्येक शाखा प्रत्येक शाखेला थेट जोडायची तर किती लायनी लागतील? १,२२५. शक्यच नाही. म्हणून सगळ्या शाखा मुंबईला जोडायच्या आणि सगळं मुंबईवरून फिरवायचं. ४९ लायनी. म्हणजे मालवणच्या शाखेला कुडाळच्या शाखेशी बोलायचं असेल तरी वाट मुंबईवरून. आमच्याकडे कोर्टाची, हॉस्पिटलची, नोकरीची कामंही तशीच मुंबईवरून व्हायची, तेव्हा हे कुणाला विचित्र वाटलं नसावं.

त्या लायनींची ताकद किती असायची? ६४ केबीपीएस ही अगदी नेहमीची. आज तुम्ही तारकर्लीच्या बीचवर काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या लाइनवरून पाठवायला सव्वासहा मिनिटं लागली असती. बँकेला मात्र ते पुरायचं, कारण ‘या खात्यातून दोन हजार वजा’ हा निरोप अगदी छोटा असतो.

ज्यांना लायनींसाठी थांबायला वेळ नव्हता ते आकाशात गेले. सरकारच्या एनआयसीने १९८० च्या दशकाच्या शेवटी निकनेट उभं केलं आणि जिल्ह्यांच्या मुख्यालयांवर छत्र्या बसवल्या, व्हीसॅट. आपला जिल्हा तर १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झालेला, ओरोसला मुख्यालय उभं राहत होतं. मुंबईत १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंज सुरू झालं ते व्हीसॅटवरच. दलाल स्ट्रीटला पायही न लावता दूरच्या शहरातला ब्रोकर शेअर घेऊ लागला. १९९९ मध्ये हैदराबादच्या आयडीआरबीटीने बँकांसाठी इन्फिनेट आणलं, तेही आधी उपग्रहावरच होतं. फक्त सभासदांसाठीचं जाळं.

एटीएमच्या छपरावर दिसते ती छोटी छत्री याच घराण्यातली. ही सोय जिथे खांब नाही, तार नाही, तिथेही पोचते. पण उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर आहे. तुमचा प्रश्न वर जातो, खाली केंद्रात येतो, उत्तर पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रकाशाच्या वेगाने गेलं तरी अर्धा सेकंद निव्वळ प्रवासात जातो. आणि आमचा पाऊस! जाड पावसात सिग्नल मरतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात छत्रीवर सगळा भार टाकणं कठीणच होतं.

आंब्याच्या पेट्या आणि एमपीएलएस

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आपल्याला डोळ्यांपुढे येतात ते बोगदे, पूल, सावंतवाडी-कुडाळ-कणकवलीची स्टेशनं. पण रुळांच्या बाजूने ऑप्टिकल फायबरही गेली होती, रेल्वेच्या स्वतःच्या सिग्नल आणि संपर्कासाठी. देशभर रेल्वेच्या अशा फायबरमधली उरलेली ताकद विकण्यासाठी २००० मध्ये रेलटेल ही सरकारी कंपनी निघाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला दूरसंचार खात्याच्या सेवांची बीएसएनएल झाली. फायबरची ताकद इतकी प्रचंड असते की एका गिऱ्हाईकाला ती पूर्ण देणं म्हणजे दोन माणसांसाठी अख्खी एसटी बुक करणं. मग प्रश्न आला: एकाच फायबरवर दहा बँका, पोस्ट, सरकार, पेट्रोल कंपन्या सगळ्यांना बसवायचं, आणि तरी कुणाला कुणाचं दिसू द्यायचं नाही. कसं?

‘व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क’ ही कल्पना १९८० च्या दशकात अमेरिकेत आली होती, पण टेलिफोनसाठी. एटी अँड टीने मोठ्या कंपन्यांना सांगितलं, तुम्ही स्वतःच्या लायनी घेऊ नका, आमच्याच जाळ्यावरून बोला, आम्ही ते तुमच्या खासगी एक्स्चेंजसारखं भासवू. डेटासाठी ही गोष्ट नीट जमवली ती सिस्कोच्या एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्तर यांनी. मार्च १९९९ मध्ये त्यांचा आराखडा आला, आरएफसी २५४७. हे रेख्तर म्हणजे तेच, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याबरोबर जेवताना नॅपकिनवर बीजीपीची आखणी केली होती. आज जगाचं इंटरनेट त्यावर चालतं. काही लोकांचं जेवण सत्कारणी लागतं!

त्यांची युक्ती समजायला देवगडच्या हापूसची पेटी पुरेशी आहे.

एप्रिलमध्ये संध्याकाळी देवगडातून वाशीच्या मार्केटला ट्रक निघतो. एका ट्रकात वीस बागायतदारांच्या पेट्या. प्रत्येकाने स्वतंत्र ट्रक केला तर आंबा विकून हाती काही उरणार नाही. ही लीज्ड लाइन. म्हणून ट्रक एक, पण पेट्यांवर खुणा. वाटेत ज्याला गाडी पुढे काढायची आहे तो एवढंच बघतो: वाशीची आहे ना? बस. आत आंबा कसा आहे, कुणाचा आहे, कुणाला जायचाय, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वाशीत उतरल्यावर दुसरी खूण बघतात, कुठल्या दलालाचा गाळा. एमपीएलएसमध्ये नेमकं हेच होतं. डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर दोन लेबलं लागतात. बाहेरचं लेबल पलीकडच्या टोकाच्या राउटरपर्यंत नेतं, मधले राउटर तेवढंच वाचतात. आतलं लेबल शेवटच्या राउटरला सांगतं, हा तुकडा अमुक गिऱ्हाईकाचा.

आता खरी हुशारी पुढे आहे. समजा दोन बागायतदारांनी आपापल्या पेट्यांना १ ते ४० आकडे टाकलेत. ट्रकात दोन ‘पेटी नंबर १’ झाल्या. घोळ? नाही. ट्रान्सपोर्टवाला नोंद करताना आकड्याआधी बागायतदाराची खूण लिहितो, आणि प्रत्येकाची वही वेगळी ठेवतो. बँकांचंही असंच असतं. सगळ्यांच्या आतल्या कॉम्प्युटरांचे पत्ते साधारण त्याच मोजक्या आकड्यांतून घेतलेले असतात, १० ने सुरू होणारे वगैरे. दोन बँकांत एकच पत्ता सापडणं रोजचं आहे. टेलिकॉमचा राउटर प्रत्येक गिऱ्हाईकाच्या पत्त्याआधी खूण लावतो आणि प्रत्येकाची वही वेगळी ठेवतो. एका बँकेच्या वहीत दुसऱ्या बँकेची नोंदच नसते, त्यामुळे तिकडे जायची वाटच नसते. कुलूप लावलेलं दार नाही हे, दारच नाही.

भाड्याचं गणित इथे उलटं झालं. शाखेने लाइन घ्यायची ती फक्त जवळच्या केंद्रापर्यंत. पुढचं पाचशे किलोमीटरचं अंतर सगळ्यांच्या सामायिक रस्त्यावरून. आणि शाखा-शाखा थेट जोडायला वेगळ्या १,२२५ लायनी लागत नाहीत, वहीत नोंदी कराव्या लागतात. मालवण कुडाळशी मुंबईला न विचारता बोलू शकतं. या सगळ्यात तांत्रिक चमत्कार कमी आणि हिशोबनीसाची शिस्त जास्त आहे, मला तरी असं वाटतं.

भारतात बीएसएनएलने २००० च्या दशकाच्या मध्यात नॅशनल इंटरनेट बॅकबोनचा दुसरा टप्पा एमपीएलएसवर उभारला आणि त्यावर व्हीपीएन विकायला घेतलं. खासगी कंपन्यांत वेगळाच तमाशा चालू होता. लांब पल्ल्याच्या परवान्यासाठी ज्यांनी शंभर कोटी मोजले होते त्यांचं म्हणणं, ही स्वस्तात परवाना घेतलेली इंटरनेटवाली मंडळी व्हीपीएनच्या नावाखाली आमचाच धंदा करतायत. नोव्हेंबर २००४ मध्ये सरकारने मधला मार्ग काढला. इंटरनेट कंपन्यांनी व्हीपीएन विकावं, पण देशभराच्या परवान्यासाठी दहा कोटी प्रवेश शुल्क भरून. २००५ मध्ये ट्रायने लीज्ड लाइनच्या कमाल दरांनाही कात्री लावली. दिल्लीतल्या या फायलींचा मालवणशी संबंध काय? हाच, की छोट्या गावातली शाखा जोडणं त्यानंतरच परवडू लागलं.

कोअर बँकिंग ज्याला म्हणतात ते याच काळात पसरलं. आधी मोठ्या सरकारी बँका, मग नाबार्डच्या पुढाकाराने २०१० नंतर जिल्हा सहकारी बँका. खातं शाखेचं होतं ते बँकेचं झालं. गोदरेज कपाटातलं जाडजूड लेजर गेलं. दादरला भरलेले पैसे त्याच मिनिटाला कट्ट्यावरच्या आईच्या खात्यात दिसू लागले. मनीऑर्डरच्या मुलुखासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट बदलली, आणि तिची जाहिरात कुणी केली नाही. लेजर शाखेत असताना लाइन तुटली तरी पैसे मिळायचे. लेजर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये गेल्यावर लिंक नाही म्हणजे शाखा नाही. खुर्ची-टेबल, पंखा, कॅशियर, तिजोरीत नोटा, सगळं जागेवर असून शाखा नाही.

व्हर्च्युअल रस्ता, खरी माती

नावात ‘व्हर्च्युअल’ असलं तरी शेवटी वाट जमिनीतून जाते. नियमाप्रमाणे फायबर १.६५ मीटर खोल पुरायची असते. आमच्याकडचा जांभा दगड खणून बघा एकदा, मग कळेल हा आकडा किती महाग आहे. म्हणून कुठे वर पाइपात, कुठे खांबांवरून असं होतं. त्यात महामार्गाचं चौपदरीकरण आलं, जेसीबी आले. केबल तुटली ही बातमी राहिली नाही, ऋतू झाला.

बँका काही बावळट नसतात. मोठ्या बँका दोन कंपन्यांकडून दोन लिंका घेतात, एक गेली तर दुसरी. कागदावर छान. पण किनाऱ्यावरच्या गावात मुख्य रस्ता एकच, पूल एकच. दोन कंपन्यांच्या दोन फायबर जर एकाच रस्त्याकडेने, एकाच पुलावरून येत असतील, तर एक जेसीबी दोन्ही घेऊन जातो. बिलं दोन, खड्डा एक. कधी दुसऱ्या कंपनीने पहिलीच्याच फायबरवर जागा घेतलेली असते, आणि ते काउंटरवरच्या माणसाला सोडा, शाखा व्यवस्थापकालाही माहीत नसतं.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा हे सगळं एकदम उघडं पडलं. विजेचे खांब आडवे, झाडं तारांवर, कितीतरी गावं दिवसेंदिवस काळोखात. मोबाइल टॉवर बॅटरी आणि डिझेल संपेपर्यंत चालले, मग गप्प. टॉवरला पुढे जायला बहुधा तीच फायबर लागते हेही लोकांना तेव्हा कळलं. आणि लॉकडाउनचे दिवस होते, खात्यातल्या पैशाची गरज जास्त, बाहेर जायची सोय कमी.

आता कराराकडे बघू. टेलिकॉम कंपनी आणि बँक यांच्या करारात एसएलए असतं, म्हणजे सेवा किती टक्के वेळ चालू राहील याचं वचन. समजा ९९.५ टक्के लिहिलंय. ऐकायला जवळपास शंभर. हिशोब करा: वर्षातले ४३.८ तास बंद राहिलं तरी वचन पाळलं गेलं. हे तास जर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शनच्या दिवशी आले तरी तो करार मोडत नाही. मोडलाच, तर कंपनी बँकेला बिलात सूट देते. आचऱ्याहून आलेल्या माणसाचं एसटीचं भाडं या हिशोबात कुठेच येत नाही, कारण तो या व्यवहारातला ‘कस्टमर’ नाही. कस्टमर बँक आहे. मला या सगळ्या इतिहासातली सर्वात टोचणारी गोष्ट हीच वाटते. वाट त्याच्यामुळे बांधली, वाटेचं भाडं त्याच्या ठेवीतून जातं, आणि वाट बंद पडल्याची भरपाई मधल्यामधे दोघांत होते. बँकेच्या शाखेत ‘गेल्या महिन्यात लिंक किती तास बंद होती’ असा साधा बोर्ड लावायला काय हरकत आहे? व्याजदराचा बोर्ड लावतातच की.

दार नाही म्हणजे चोर नाही?

मगाशी मी म्हटलं, दारच नाही. त्यावर एक मोठी ‘पण’ आहे. एमपीएलएस व्हीपीएन वाटा वेगळ्या करतं, पेटीला कुलूप लावत नाही. डेटा त्यात आपोआप एन्क्रिप्ट होत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याने पेटी उघडायचीच ठरवली तर उघडेल. म्हणून शहाण्या बँका वर स्वतःचं एन्क्रिप्शन लावतात. तिजोरीतल्या त्या टीटीच्या पुस्तिकेसारखंच: वाट दुसऱ्याची, गुपित आपलं.

आणि चोर वाटेवर नसून घरातच असला तर? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवलं आणि खऱ्या यंत्रणेऐवजी एक बनावट यंत्रणा ‘हो, द्या पैसे’ असं उत्तर देऊ लागली. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. बंदिस्त जाळं होतं की! पण जाळ्याच्या आत जो आहे त्याच्यावर जाळं विश्वास ठेवतं.

३१ जुलै २०२४ ला याची दुसरी बाजू दिसली. छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. एनपीसीआयने तिला आपल्या जाळ्यातून सरळ तोडलं. जवळपास ३०० छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाले. खासगी वाटेचा हा फायदाच म्हणायचा, आग लागलेला डबा पटकन वेगळा काढता येतो. डब्यात बसलेल्यांना मात्र त्या दिवशी ‘सर्व्हर डाउन’ एवढंच दिसलं असणार.

तुमच्या खिशापर्यंत ही वाट येते का? अर्धवट. मालवणच्या मासळी बाजारात तुम्ही क्यूआर स्कॅन करता तेव्हा फोनपासून निघालेला निरोप आधी साध्या इंटरनेटवरूनच जातो, एन्क्रिप्ट होऊन. पुढे बँका आणि एनपीसीआय यांच्यामधली वाट मात्र खासगी असते. हॉटेलात थाळीचं बिल देताना पुढे येणारं कार्ड मशीन बघा. त्यातही सिमकार्ड असतं, पण बऱ्याचदा ते तुमच्या सिमसारखं यूट्यूब उघडू शकत नाही. टेलिकॉम कंपनीने त्याला एक खासगी एपीएन दिलेला असतो, म्हणजे टॉवरवरून निघालेली वाट सरळ बँकेच्याच दारात. तळहातावर मावणारं व्हीपीएन.

हल्ली शाखांत एसडी-वॅन नावाची पेटी आली आहे. तिला फायबर, साधं ब्रॉडबँड, फोर-जी सिम असं सगळं एकत्र जोडता येतं. जी वाट चालू असेल तिच्यावरून ती डेटा पाठवते, वर स्वतःचं एन्क्रिप्शन लावून. रांगेतल्या पोराचं ‘नेट तर आहे’ हे म्हणणं अखेर कुणीतरी मनावर घेतलं म्हणायचं. अर्थात टॉवरची फायबर आणि बँकेची फायबर त्याच पुलावरून येत असेल, तर पेटी कितीही हुशार असली तरी काय करणार?

तुमच्या घरी कुणी जुने बँकवाले किंवा तार ऑफिसात काम केलेले असतील तर त्यांना टीटीच्या त्या आकड्याबद्दल विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ०२३६५: मालवणचा एसटीडी कोड, पीसीओच्या काचेच्या खोल्या आणि रात्री दर उतरल्यावर लागणाऱ्या रांगा. भेटू.